तीन वर्षांच्या पोराला काय कळतंय?

तुमच्या घरात तीन ते सहा वर्षांचं पोर असेल आणि तुम्ही कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहत असाल, तर तुमचं अभिनंदन. पोराचा पाया कच्चा ठेवायची इतकी चांगली सोय दुसरीकडे क्वचितच मिळेल. फक्त जरा घाई करा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं, की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होऊन जाते. एकदा का पोर सहा वर्षांचं झालं, की शिक्षणाचा हक्क, पहिलीचा वर्ग, गुरुजी असे सगळे मध्ये पडतात. सहाच्या आत मात्र कुणाची फारशी कटकट नाही. घटनेच्या ४५ व्या कलमात राज्याने या वयासाठी प्रयत्न करावा एवढंच म्हटलंय, आणि तीन वर्षांचं पोर काही कोर्टात जात नाही.

पहिलं काम सोपं आहे. अंगणवाडी म्हणजे खाऊ मिळायची जागा, हे घरात सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसवा. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या सहा सेवांत शाळापूर्व शिक्षणही होतं, ही गोष्ट कुणाला आठवू देऊ नका. गाणी, गोष्टी, ठोकळे, रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे सगळं आटोपल्यावर पोराला डबा देऊन पाठवा. उप्पीट आणि अंडं घेऊन ते परत आलं, की "काय खाल्लास?" एवढंच विचारा. "काय खेळलास?" असं चुकून विचाराल, तर ते सांगत सुटेल, आणि सांगता सांगता त्याला बोलायची सवय लागेल.

अंगणवाडीच्या टीचर मुलांजवळ बसल्या तर धोका असतो, पण तशी वेळ फारशी येत नाही. वजनं घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, लसीकरणाला माणसं गोळा करायची, मोबाईलवर नोंदी भरायच्या, मतदार याद्याही बघायच्या. या सगळ्याबद्दल त्यांना पगार नव्हे, मानधन मिळतं. त्यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं तेव्हा जरा गडबड झाली होती. तुम्ही घाबरू नका. ग्रामसभेत अंगणवाडीचा विषय निघाला तर शेंगदाणे कमी का आले एवढंच विचारा. गोष्टीची पुस्तकं कपाटातच कुलूपबंद का, असं विचारणारा माणूस गावात निघालाच, तर त्याला पुढच्या वर्षी जत्रा कमिटीत घालून गुंतवून टाका.

आता एखादा शिकलेला जावई किंवा पुण्याहून आलेला भाचा तुम्हाला अमेरिकेची गोष्ट ऐकवेल. मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६२ पासून १२३ गरीब मुलांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्म्याच्या आसपास मुलं बालवाडीत गेली, बाकीची गेली नाहीत. तो इथवर आला, की लगेच अडवा आणि विचारा, "पण दुसरी-तिसरीत जाईपर्यंत दोन्हीकडच्या पोरांचा बुद्ध्यांक सारखाच झाला की नाही?" तो हो म्हणेल, कारण ते खरं आहे. मग तिथून उठा, म्हशीला पाणी पाजायचंय म्हणून सांगा. बसलात, तर तो पुढचं सांगेल: तीच मुलं चाळीस वर्षांची झाली तेव्हा बालवाडीत गेलेल्यांपैकी ७७ टक्के हायस्कूल पास झालेले होते, न गेलेल्यांपैकी ६० टक्के, पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले एकीकडे ३६ टक्के, दुसरीकडे ५५ टक्के. बुद्ध्यांकाची वाढ ओसरली, पण काम धरून ठेवणं, रागावर ताबा, शाळेत टिकणं, हे ओसरलं नाही. हे ऐकून घरातल्या बायका विचार करायला लागतात.

भाचा चिवट असला तर जमैकावर येईल. गरीब देश, कुपोषित बाळं, आठवड्याला एकदा आरोग्यसेविका घरी यायची आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला शिकवायची. दोन वर्षं, बस्स. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. इथं "जमैकाची पोरं जन्मतःच पळणारी" असं म्हणा. उत्तर बरोबर नाही, पण कट्ट्यावर चालून जातं.

एक गोष्ट मात्र गुपचूप सांगतो. इप्सिलांटीत पाच-सहा मुलांमागे एक शिकलेली शिक्षिका होती, तिला शाळेतल्या शिक्षकांसारखा पगार होता, आणि ती दर आठवड्याला मुलाच्या घरी जात होती. त्यामुळे "आम्ही इमारत बांधली, आता मुलं आपोआप हुशार होतील" असं म्हणणारा पुढारी भेटला तर त्याचा सत्कार करा. कोनशिला बसवून फायदा टाळणं, याच्याइतका स्वच्छ मार्ग दुसरा नाही.

पण आपलं खरं हत्यार वेगळंच. साताऱ्या-सोलापूरच्या माणसाला ते मिळत नाही. टीचर कन्नड बोलणाऱ्या आल्या, की पोराला घरी बसवा आणि निवेदन द्या. टीचर मराठी असल्या तर तक्ते कन्नडातून आलेत का बघा, आणि पुन्हा निवेदन द्या. निवेदन देतानाचा फोटो पेपरला पाठवा. आता मागणी खोटी आहे असं मी म्हणत नाही. पोराला "शी लागली" सांगायला दुभाषी लागू नये, लहानपणी शिकणं घरच्या भाषेत व्हावं, हे त्या २०२० च्या धोरणातही आहे. पण मागणी मान्य होईपर्यंत पोरानं करायचं काय, हा प्रश्न बैठकीत काढायचा नाही. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला; त्या वर्षी जन्मलेली पोरं आज नातवंडं खेळवतात. त्याच वादावर महाराष्ट्र २००४ साली सुप्रीम कोर्टात गेला; त्या सालची पोरं आता लग्नाला आली. तुमचं अजून तीनच वर्षांचं आहे, थांबेल की.

पलीकडची, म्हणजे कन्नडवाली मंडळीही या कामात मागे नाहीत. अंगणवाडीची पाटी कुठल्या भाषेत, वरची ओळ कुणाची, अक्षर केवढं, यावर दोन्हीकडून असं भांडण लावायचं, की त्याच पाटीवरचं गळकं छप्पर कुणाला दिसू नये. कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर टीचर कोरडा कोपरा शोधत बसतात.

आणि हो, पोराला शेजारच्या कन्नड पोराबरोबर मातीत खेळू देऊ नका. या वयात ते खेळता खेळता कन्नड उचलतं, वर मराठीही विसरत नाही. मग पुढे एसएसएलसीच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या आधी कन्नडच्या शिकवणीला फी कुणी भरायची?

ज्यांना भाषेच्या भांडणात पडायचं नाही त्यांच्यासाठी तिसरी वाट आहे, टाय लावून व्हॅनमधून तालुक्याला. साडेतीन वर्षांच्या बोटात पेन्सिल द्या आणि ए टू झेड गिरवून घ्या. घरी मराठी, गल्लीत कन्नड, वहीत इंग्रजी, आणि गोष्ट एकाही भाषेत नाही. तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी काढली, नंतर कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर तर मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली. त्यांच्या जयंतीला भाषण करायला हरकत नाही. फक्त दगड-बिया-पानांनी शिकवायची त्यांची खुळं घरात येऊ देऊ नका. व्हॅनची फी भरलीय म्हटल्यावर पोर चिखलात बसलेलं बरं दिसत नाही.

निपाणीकडे बिड्या वळणाऱ्या घरात याहून सोपं आहे. मांडीवर सूप, शेजारी तंबाखू, आणि धाकटं थोरलीच्या काखेत. थोरलीला चौथीतून काढली की दोन पोरांचा प्रश्न एका फटक्यात मिटतो. उसाच्या फडावर तर काहीच करावं लागत नाही: बीड-विजापूरहून आलेल्या टोळीची पोरं इथल्या यादीत नसतात, आणि तिथल्या यादीत असली तरी हंगामात तिथं नसतात.

एवढं सगळं जमलं, की पोर तिसरीत वाचायला अडखळेल. तेव्हा गुरुजींना शिव्या द्या, "याला डोकंच नाही" असं पाहुण्यांसमोर म्हणा, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत एखाद्या मुकादमाशी आत्ताच ओळख काढून ठेवा. पोरगा अजून तीन वर्षांचा आहे म्हणून सांगितलंत तर तो हसेल. पण नाव लिहून घेईल.