प्रवासाचे चार तास कुणाच्या खात्यावर?

भाचीला बीकेसीतल्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, एका वित्त कंपनीत नोकरी लागली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडले. ती आईबाबांजवळ बदलापूर पूर्वेला राहते. दार ओढून घेतल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंत दोन तास, आणि परतीचे तेवढेच. एका तटाचं म्हणणं, अख्खं बदलापूर रोज जातंच की, हिचंच काय मोठं? दुसऱ्याचं म्हणणं, ठाण्याला जी दुसरी नोकरी मिळतेय ती घे, पगार थोडा कमी आहे पण संध्याकाळी पोरगी घरात दिसेल. मी जर्मनीत मानहाइमला राहतो आणि कामाला फ्रँकफुर्टला जातो, म्हणजे एका बाजूने साधारण ऐंशी किलोमीटर. त्यामुळे "मामा, तूच सांग" असा निवाडा माझ्याकडे आला.

आधी ही तुलनाच मोडीत काढतो, कारण ग्रुपवर ती लगेच झाली. "मामा ऐंशी किलोमीटर जातो, तू बावन्नला रडतेस?" बदलापूर ते कुर्ला बावन्न किलोमीटर आहे हे खरं. पण माझी वेगवान गाडी चाळीस मिनिटांत फ्रँकफुर्टला पोचवते, बहुतेक वेळा बसायला जागा असते, आणि मी चढतो म्हणजे नुसता पाय टाकतो. कुर्ल्याला उतरण्यासाठी घाटकोपरपासून दाराकडे सरकायला लागायचं, मग पश्चिमेला येऊन शेअर रिक्षाची रांग लावायची, हा प्रकार किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. बदलापूरची एक लोकल चुकली की पुढची लगेच नसते, आणि मस्टरवर लेट मार्क मात्र लगेच लागतो. तेव्हा अंतर सोडा. मला इथे राहून जो फरक जाणवतो तो हिशोबाचा आहे. प्रवासाचा वेळ, खर्च आणि धोका कुणाच्या वहीत लिहिला जातो, याचा.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे कामाच्या तासांवर केवढं रण माजलं. २०२३ मध्ये नारायण मूर्ती सत्तर तासांच्या आठवड्याबद्दल बोलले, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांचे नव्वद तास आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतला दिवस नऊ तासांवरून दहा तासांचा करायला मंजुरी दिली. बाजूने आणि विरुद्ध बरंच लिहिलं गेलं. मी वाचलेल्या बहुतेक लेखनात दिवस ऑफिसच्या दारात सुरू होऊन ऑफिसच्या दारात संपत होता. दादरला राहणाऱ्याचे दहा तास आणि कसाऱ्याला राहणाऱ्याचे दहा तास एकाच मापाने मोजले गेले. कसारेकराचा दिवस पंधरा तासांचा होतो, हे त्याच्या बायकोला ठाऊक आहे. कायद्याला नाही.

आता जर्मनीची आरती ओवाळतोय असं वाटायला नको म्हणून सांगतो, घर ते ऑफिस हा प्रवास इथेही कामाचा वेळ धरत नाहीत. युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं की ज्यांना ठरलेलं ऑफिसच नाही, जे घरून थेट ग्राहकाकडे जातात, त्यांचा त्या दिवसाचा पहिला आणि शेवटचा प्रवास कामाच्या वेळेत धरायचा. माझ्यासारख्या खुर्चीवाल्याला त्याचा उपयोग नाही. माझे तास माझेच जातात.

पण वाटेत पाय मोडला तर तो फक्त माझा पाय राहत नाही. कामावर जाताना-येताना झालेला अपघात हा इथे १९२५ पासून कामावरचाच अपघात मानला जातो. त्या विम्याचा हप्ता पूर्णपणे मालक भरतो, माझ्या पगारातून एक सेंटही कापला जात नाही. इमारतीच्या बाहेरच्या दरवाज्यातून पाऊल टाकलं की संरक्षण सुरू. मुलाला बालवाडीत सोडण्यासाठी वाट वाकडी केली तरी चालतं. ब्रेड घ्यायला बेकरीत शिरलात तर तेवढा वेळ तुम्ही तुमचे. या कीसकाढूपणाला जर्मन माणसं स्वतःही हसतात. २०२१ मध्ये तर इथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने घरून काम करणाऱ्या एकाचा, पलंगावरून उठून खालच्या मजल्यावरच्या टेबलाकडे जाताना जिन्यात झालेला अपघात कामावर जातानाचा म्हणून मान्य केला. (ग्रुपवर हे टाकलं तर ताईचं उत्तर आलं, "आमच्याकडे जिना उतरल्यावर खरा खेळ सुरू होतो.")

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. राज्य कामगार विम्याच्या कायद्यात २०१० मध्ये येण्याजाण्याच्या वाटेवरचा अपघात घेतला गेला, पण ती योजना महिना एकवीस हजारांपर्यंतच्या पगाराला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मोठं पाऊल टाकलं. साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. न्यायालयाने म्हटलं, वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दिसत असेल तर हा मृत्यू नोकरीच्या ओघात झालेला धरावा. अपघात २००३ चा होता. बावीस वर्षांनी त्याच्या घरच्यांना कळलं की तो कामालाच निघाला होता.

आणि लोकलमधून पडून गेलेल्याच्या घरच्यांना रेल्वे देते, दाव्याच्या लवादात पास दाखवून, आठ लाख. रेल्वे देते, म्हणजे शेवटी आपणच देतो. ज्या ऑफिसने साडेनऊची वेळ ठरवली आणि त्यासाठी माणूस दारात लटकला, त्या ऑफिसच्या ताळेबंदात त्याचं काहीच उमटत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांतली माणसं एकमेकांना घासून पडली. चर्चा झाली ती दारं बंद होणाऱ्या डब्यांची आणि गाड्यांच्या फेऱ्यांची. रास्तच चर्चा. मध्य रेल्वेने त्याआधी दीडेक वर्ष, नोव्हेंबर २०२३ मध्ये, स्वतःच्या मुंबईतल्या कार्यालयाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागल्या होत्या आणि शेकडो आस्थापनांना तसं करण्याची विनंती केली होती. गर्दी काही पांगली नाही. का पांगावी? वेळ बदलण्याचा त्रास मालकाला, न बदलण्याचा त्रास प्रवाशाला. असा सौदा कोण मोडेल?

पैशाकडे येतो. जर्मनीत आयकर भरताना घर ते ऑफिस एका बाजूचं अंतर लिहायचं, आणि कामावर गेलेल्या प्रत्येक दिवसासाठी किलोमीटरमागे ठरलेली रक्कम उत्पन्नातून वजा करायची. २०२२ पासून काही वर्षं पहिल्या वीस किलोमीटरला तीस सेंट आणि एकविसाव्यापासून अडतीस सेंट असा दर होता. माझ्या ऐंशी किलोमीटरला म्हणजे दिवसाला अठ्ठावीस युरो ऐंशी सेंट. रेल्वेने जाणाऱ्याला वर्षाला साडेचार हजार युरोंची मर्यादा आहे, तिकीट त्याहून महाग पडलं तर तो खर्च दाखवता येतो. ही रक्कम हातात मिळत नाही, तेवढ्यावरचा कर वाचतो. आपल्याकडे एकेकाळी महिना १६०० रुपये वाहतूक भत्ता करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट वजावटीत विरघळला. त्याआधीही त्यात अंतराला किंमत नव्हतीच. परळमधून परळला जाणाऱ्यालाही १६००, कर्जतहून येणाऱ्यालाही १६००.

पण ही जर्मन सवलत मला पूर्ण पटत नाही, आणि इथल्या बऱ्याच लोकांनाही पटत नाही. कराचा दर ज्याचा जास्त, त्याची बचत जास्त, म्हणजे सफाई कामगारापेक्षा बँकवाल्याचा किलोमीटर महाग. इथलं पर्यावरण खातं तिला पर्यावरणाला अपाय करणाऱ्या अनुदानांत मोजतं. लांब राहायला सरकारच पैसे देतं म्हटल्यावर माणसं लांब राहतात. कोलोन आणि फ्रँकफुर्टच्या मधे मोंटाबाउर नावाचं चिमुकलं गाव आहे. २००२ मध्ये वेगवान रेल्वे आली आणि तिथून दोन्ही शहरांत रोज ये-जा करणाऱ्यांची वसाहतच झाली. बाग, अंगण, मुलांना शाळा, सगळं छान. गाडी वेळेवर असेल तर. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सहा मिनिटांपेक्षा कमी उशिराने पोचणाऱ्या होत्या ६२.५ टक्के. त्याच वर्षी फ्रँकफुर्ट आणि मानहाइम यांच्यामधला मुख्य रेल्वेमार्ग दुरुस्तीसाठी जुलै ते डिसेंबर पाच महिने बंद होता आणि स्थानिक गाड्यांच्या प्रवाशांसाठी बस लावल्या होत्या. आपल्या रविवारच्या मेगाब्लॉकला नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि एवढ्या सोयी असूनही लोक सुखी आहेत का? अलोइस श्टुत्झर आणि ब्रूनो फ्राय या झुरिकच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मन कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीतून नेमका हाच प्रश्न तपासला. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या पगाराने किंवा स्वस्त, चांगल्या घराने व्हायला हवी. त्यांना दिसलं, तशी ती होत नाही. प्रवास जितका लांब तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी, पगार आणि घर धरूनही. मला यात नवल वाटलं नाही. मोठ्या हॉलची सवय होते. कल्याण सुटल्यावर कुणाचं कोपर बरगडीत घुसतं, त्याची होत नाही.

फक्त, ही सगळी चर्चा "करावं का" या थाटात होते तेव्हा एक गोष्ट निसटते. मोंटाबाउरला माणसं राहायला गेली ती बागेसाठी. बदलापूरला, वांगणीला कोण हौसेने गेलं? गिरणगावात माणूस भोंगा ऐकून घरातून निघायचा आणि चालत पोचायचा. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्या जमिनींवर काचेचे टॉवर आले. आणि गिरणी कामगारांच्या वारसांना घरं देण्याची वेळ आली तेव्हा बोट दाखवलं गेलं शेलू आणि वांगणीकडे. शेलू सीएसएमटीपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, माझ्या मानहाइमइतकंच! जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानात कामगार आणि वारस जमले ते हेच सांगायला, की घर मुंबईत द्या. पुष्कळांना तो हट्ट वाटला. फुकट किंवा स्वस्त मिळतंय तर घ्या की, असं आमच्याही ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. ज्याच्या आजोबांनी लोअर परळला साचे चालवले, त्याचा नातू त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये सुरक्षारक्षक म्हणून रोज पाच तास प्रवास करून येणार असेल, तर त्या घराची खरी किंमत काय, हे जाहिरातीत छापत नाहीत. घर स्वस्त पडतं कारण उरलेला हप्ता माणूस उभ्याने फेडतो.

भाचीला मी एक सोपा हिशोब करून पाठवला. नऊ तासांचं ऑफिस आणि चार तासांचा प्रवास, म्हणजे पगाराला तेराने भागायचं. ठाण्याची नोकरी धरली तर नऊ आणि दोन, अकरा. बीकेसीवाले ठाण्याहून किमान अठरा टक्के जास्त देत नसतील तर तासाच्या भावात ती तोट्यात आहे. कंपन्यांनी दिवस दहा तासांचा केला तर दोन्हीकडे एकेक वाढवून पुन्हा भागायचं. यात रिक्षा, बाहेरचं खाणं, रात्री दहानंतर लेडीज डब्यात तुरळक बायका असताना वाटणारी धाकधूक, हे धरलेलंच नाही. उलट बाजूने, बीकेसीत तीन वर्षं काढल्यावर पुढची दारं कुठली उघडतील तेही या भागाकारात बसत नाही, आणि चोविसाव्या वर्षी ती गोष्ट पगाराहून मोठी असू शकते.

म्हणून माझं मत, नोकरी घे, प्रवास घेऊ नकोस. सायन किंवा चुनाभट्टीला दोघी-तिघींत खोली बघ, शनिवारी-रविवारी घरी ये. भाडं बोचेल. ते भाडं म्हणजे रोजचे तीन तास विकत घेणं आहे, हे धरून बोचू दे. आणि सही करण्याआधी कंपनीला दोन गोष्टी लेखी विचार. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळेल का, आणि यायची वेळ अकरा करता येईल का. नाही म्हणाले तरी विचार. विचारणारे चार झाले की पाचव्याला उत्तर द्यायला तरी त्यांना बसावं लागतं.

ताईला हे अजिबात पटलेलं नाही. तिची वीस वर्षं व्हीटीच्या गाडीत गेली, मटार सोलत, मैत्रिणींचे वाढदिवस साजरे करत. तो ग्रुप अजून टिकून आहे आणि कुणाच्याही अडीअडचणीला सगळ्याजणी धावतात. माझ्या डब्यात इतकी वर्षं समोरासमोर बसणाऱ्या माणसाचं नावही मला माहीत नाही, हा तिचा टोला मला मान्य आहे. पण मैत्रिणी कमावल्या त्या ताईने, कंपनीने नव्हे, आणि त्यांच्या जोरावर कंपनीने चार तास फुकट वापरावेत हे मला पटत नाही. ती म्हणते, घर असताना भाडं भरायचं म्हणजे पैशाचा माज, हवं तर फर्स्ट क्लासचा पास आम्ही काढून देतो. भाचीने कंपनीला दोन्ही प्रश्न पाठवलेत. घरून कामाबद्दल "धोरण बघून कळवतो" असं आलंय, अकराच्या वेळेबद्दल काहीच नाही.