'प्रामाणिक विक्रेत्याचं काही बिघडत नाही' म्हणणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या तोंडावर एक लांबलचक मेसेज माझ्याकडे तीन ग्रुपवरून आला: नातेवाइकांच्या, सोसायटीच्या आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या. ऑनलाइन बाजारात ग्राहक राजा आहे, असा त्याचा सूर. त्यातले दावे थोडक्यात असे: माल परत घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, परतीचा खर्च कंपनी सोसते, विक्रेता प्रामाणिक असेल तर त्याचं काही बिघडत नाही, ओरडतात ते लबाड, अन्याय झालाच तर त्यालाही दाद मागता येते, आणि तरी परवडत नसेल तर त्यानं ऑनलाइन विकू नये.

नागपूरच्या गांधीबागेत आमचं छोटं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीतून मी सहा वर्षं कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, दुपट्टे आणि करवती काठाच्या साड्या ऑनलाइन विकते. मेसेज पुढे ढकलणारी माणसं माझ्या ओळखीची आहेत, चांगली आहेत आणि त्यांना हे सगळं खरं वाटतं. म्हणून हे उत्तर.

ग्राहकाला संरक्षण हवंच, हे आधी सांगते. मोबाइलच्या डब्यातून साबणाची वडी निघाल्यावर माणसानं जायचं कुठं? मी स्वतः मिक्सर मागवला होता, भांडं तडकलेलं आलं, चौथ्या दिवशी पैसे परत मिळाले. तेव्हा मलाही बरंच वाटलं. पण हे संरक्षण कुणाच्या खिशातून जातं आणि निवाडा कोण करतं, हे मेसेज लिहिणाऱ्यानं विचारलेलंच नाही.

कायद्याचा मुद्दा पटकन संपेल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, त्याखालचे ई-कॉमर्स नियम 23 जुलै 2020 चे. माल सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे देणं नाकारता येत नाही. बरोबरच आहे. पण 'आवडला नाही', 'लग्न झालं, आता नको' यासाठी परत घ्याच, असं त्या नियमांत कुठंही नाही. ती सवलत कंपन्यांनी आपलं गिऱ्हाईक वाढावं म्हणून दिली आहे. कायद्याचं नाव सांगून ती आमच्या माथी मारू नका. उशिराचंही तसंच. माल वेळेत पिकअपला द्यायचा एवढं माझ्या हातात. पुढे आठ दिवस तो कंपनीच्याच गोदामात पडून राहिला तरी परतीचा शिक्का माझ्या नावावर बसतो.

आता 'खर्च कंपनी सोसते'. माझ्या वहीतला एक दुपट्टा घ्या. कर सोडून किंमत ₹1,600. विणकराला रोख दिले ₹1,050. कमिशन आणि बाकीची फी ₹270, पाठवणी ₹85, डबा-पिशवी-लेबल ₹25. माझ्या हाती राहिले ₹170. तोच दुपट्टा परत आला की कमिशन वळतं होतं, पण जाण्याचे ₹85, येण्याचे ₹140 आणि डब्याचे ₹25 असे ₹250 माझ्याकडूनच कापले जातात. म्हणजे एक परती भरून काढायला दोन दुपट्टे विकावे लागतात. आणि आतला माल मळलेला किंवा फाटलेला आला, तर त्यात विणकराचे ₹1,050 धरा. ₹1,300 गेले. ते भरायला आठ विकावे लागतील. ग्राहकाच्या स्क्रीनवर 'फ्री रिटर्न' दिसतं आणि आमच्या सेटलमेंटच्या, म्हणजे हिशेबाच्या, पानावर त्याच परतीची वजाबाकी दिसते. कॅश ऑन डिलिव्हरीत तर माणूस दारातूनच 'नको' म्हणतो, पार्सल न उघडता माघारी येतं, आणि मधल्या पंधरा दिवसांत तो नग दुसऱ्या कुणाला विकताही येत नाही.

सगळ्यात जास्त लागला तो तिसरा दावा: प्रामाणिक असाल तर काही बिघडत नाही.

कोसा कधी हातात घेतला आहे का? उजेडात धरला की धाग्यात मधेमधे जाडी दिसते, बारीक गाठी लागतात, एकाच पदरात मधाळ रंगाच्या दोन छटा निघतात. रेशमाचा किडा जंगलातल्या ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर वाढतो, कोश सारखे नसतात, मग धागा कसा सारखा निघेल? आमचा माल भंडारा जिल्ह्यातून येतो. करवतीच्या दात्यांसारखा काठ हातमागावर, तीन धोटे चालवून उतरतो. या करवती कापडाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आणि हाच माल माझ्याकडे 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत येतो. कारण विचारलं की लिहिलेलं असतं: धाग्यात गाठी आहेत, रंग एकसारखा नाही.

मी वर्णनात ठळक लिहिलं, फोटो जवळून काढले. फरक पडला नाही, कारण परतीच्या यादीत 'हातमागाचा माल असाच असतो' असा पर्यायच नाही. 'आवडला नाही' निवडलं तर प्रश्न विचारले जातात, 'सदोष' निवडलं की लगेच पिकअप ठरतो. माणूस काय निवडेल? त्यालाही मी फार दोष देत नाही. पण असे चार 'सदोष' जमले की माझ्या खात्याचे गुण उतरतात, साइटच्या यादीत माझा माल खाली जातो, आणि वर दिसतो तो यंत्रावरचा पॉलिस्टर 'टसर सिल्क', ज्यात गाठ शोधूनही सापडणार नाही. इथे खरा माल विकणाराच मार खातो.

विणकर काकांना मी एकदा फोनवर हे सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "ताई, कोश्याच्या धाग्याले गाठ राहतेच. गाठ नाही तं मंग थो कोसा काहून म्हणायचा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि लबाडी फक्त विक्रेतेच करतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्यासोबत एक परतीचं पार्सल उघडावं. गेल्या उन्हाळ्यात एक करवती दुपट्टा परत आला. मी नेहमीसारखा मोबाइल टेबलावर उभा करून व्हिडिओ लावला, कात्रीनं टेप कापली. डबा माझाच, आतला बटर पेपरही माझाच, घडीला बांधलेली माझी टॅगची दोरी मात्र कापलेली. आत नायलॉनची जुनी ओढणी, एका टोकाला हळदीचा डाग. जाताना त्या पार्सलचं वजन कंपनीच्याच काट्यावर 290 ग्रॅम भरलं होतं, येताना त्यांच्याच नोंदीत 210. मी दोन्ही नोंदी, फोटो, व्हिडिओ सगळं जोडून भरपाईचा क्लेम टाकला. दोन दिवसांनी तो नामंजूर झाला: व्हिडिओत लेबल स्पष्ट दिसत नाही. पुन्हा टाकला, लेबलचा वेगळा फोटो जोडला. या वेळी उत्तर वीस मिनिटांत आलं. तेच वाक्य, शब्दाला शब्द तसंच. ते माणसानं वाचलं असेल असं मला वाटत नाही. 80 ग्रॅमचा फरक त्यांच्या काट्यानं दाखवला होता, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

'दाद मागता येते' या दाव्याचं मोल इथं कळतं. ग्राहकाची तक्रार आली की कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा, असं 2020 च्या नियमांत आहे. त्याला 1915 या क्रमांकाची हेल्पलाइन आहे. कंपनी कुठलीही असो, तो आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. नागपूरकराला सिव्हिल लाइन्सपर्यंत गेलं की झालं. मला त्या नियमांत अशी मुदत नाही. माझ्या करारात लिहिलंय की वाद झाला तर बेंगळुरूला. ₹1,050 च्या दुपट्ट्यासाठी हजारावर किलोमीटर कोण जाईल? तो करार मी वाचला होता का, असं विचारतात. वाचला होता. त्यात बदल करायची सोय नव्हती, फक्त 'मान्य' असं बटण होतं. भारतीय स्पर्धा आयोगानं जानेवारी 2020 मधल्या ई-कॉमर्सच्या अभ्यासात विक्रेत्यांची एकतर्फी अटींबद्दलची ही तक्रार नोंदवली आहे. तेव्हा हे एकटीचं रडगाणं नव्हे.

दुसरीकडे जमलं आहे. आपले नियम आले त्याच महिन्यात, 12 जुलै 2020 पासून, युरोपीय संघात असा नियम लागू झाला की विक्रेत्याचं खातं रोखायचं तर लेखी कारण द्या, कायमचं बंद करायचं तर सहसा 30 दिवस आधी कळवा, आणि छोट्या सोडून बाकी कंपन्यांनी विक्रेत्यांच्या तक्रारींसाठी आपली यंत्रणा ठेवा. तिथल्या ग्राहकाचे हक्क त्यामुळे कमी झालेले नाहीत.

मला हवं आहे तेही फार नाही. परतीचा माल घेताना डिलिव्हरीवाल्यानं दारातच डबा उघडून फोटोशी ताडून पाहावा. जातानाचं आणि येतानाचं वजन जुळलं नाही तर क्लेम आपोआप माणसाकडे जावा. नामंजूर केला तर कारण माझ्या पुराव्याबद्दल असावं. हातमागाच्या मालाला परतीच्या कारणांत वेगळी ओळ असावी. आणि 'आवडला नाही' म्हणून आलेल्या परतीचं भाडं, ज्यांनी ती सवलत जाहीर केली त्यांनी भरावं.

राहिला शेवटचा दावा, परवडत नसेल तर सोडा. सोडते आहे, हळूहळू. बावीस डिझाइन होती, आता ऑनलाइन सहा ठेवली आहेत, आणि त्यातली चार यंत्रमागाची. दुकानात येणारं गिऱ्हाईक आहे, पण कोशाचं मोल जाणणारी पुण्याची, कोलकात्याची बाई गांधीबागेच्या गल्लीत येणार नाही. ती ऑनलाइनच भेटत होती. काकांनी यंदा दिवाळीसाठी दहा साड्यांचं सूत लावू का विचारलं होतं. मी चारच सांगितल्या.