खांब ते कट्टा

कोल्हापुरात माणूस गाडी स्वतःच्या पैशानं घेतो, पण ती निवडायचा हक्क गल्ली, भावकी आणि सासुरवाडी यांच्यात आधीच वाटून गेलेला असतो. मी फक्त एवढंच म्हणालो होतो, की यंदा दसऱ्याला चारचाकी बघावी म्हणतोय. तेही मिसळ खाताना, कटानं जीभ पोळलेली असताना. रात्री जेवायला बसेपर्यंत आजऱ्याहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, स्कॉर्पिओच घ्या. बाकी कायबी बगू नका. विषय संपला."

विषय संपला नाही, तिथून सुरू झाला.

माझी गरज तशी साधी. शिवाजी पेठेतनं गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटर. रविवारी रंकाळा, सणासुदीला आजरा. महिन्याला सहाशे-सातशे किलोमीटरच्या पुढं काटा जायचा नाही. पण गाडी सुचवणारा माणूस तुम्ही रोज कुठं जाता हे विचारतच नाही. तुम्ही वर्षातनं एकदा जिथं जाल, किंवा कधीच जाणार नाही, तिथली काळजी त्याला लागलेली असते. "आंबोली घाटात दम टाकंल ही." "करूळ घाटात मागं ऊसाचा ट्रॅक्टर असला तर काय करणार?" ट्रॅक्टर मागं असेल तर मी कशाला काही करू? पण ऐकून घ्यायचं. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला: "पाच माणसं बसवून, एसी चालू ठेवून, जोतिबा चढंल काय?" जोतिबाच्या डोंगरावर एस.टी. उभ्या माणसांनी भरून रोज चढते, चैत्र यात्रेला तर गुलालात न्हाऊन चढते. पण हा मुद्दा मांडला की समोरचा दयेनं बघतो. एस.टी.ची गोष्ट वेगळी, म्हणे.

त्यात महापूर. 2019 आणि 2021 च्या पाण्यानं आमच्याकडच्या प्रत्येक माणसाला ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या पोटाखालच्या उंचीचा, तज्ज्ञ करून सोडलंय. पानाच्या टपरीवरसुद्धा मिलिमीटरमध्ये बोलतात. समोरच्या अण्णांनी मला सांगितलं, "170 वाली घिऊ नकोस, 190 वाली घे. पुराचं कसं काय सांगता येतंय?" आता राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. शिरोलीला हायवेच पाण्याखाली जातो, तेव्हा कंटेनरसुद्धा रांगेत उभे असतात. त्या नदीला माझ्या वीस मिलिमीटरचं काय कौतुक असणार? दोन सेंटिमीटर उंच गाडी दोन सेंटिमीटर उशिरा बुडंल. ते वीस मिलिमीटर खरे कुठं उपयोगी पडत असतील, तर ते तालमीसमोरच्या स्पीडब्रेकरवर. आमच्या पेठेत तालमींना तोटा नाही, आणि प्रत्येक तालमीला आपल्यापुढं एक गतिरोधक हवाच असतो. सगळी मापं बघून तो बांधलाय असं तुम्हालाही वाटणार नाही.

कागलचे चुलते, म्हणजे आमचे आबा, डिझेलवाले. त्यांच्यापुढं मी कॅलेंडरच्या पाठीमागं हिशोब मांडला. त्याच मॉडेलची डिझेल गाडी साधारण दीड लाखानं महाग. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रस्ता कर, डिझेलला 13. तेलाचा आणि अॅव्हरेजचा फरक धरून डिझेल किलोमीटरमागं दोनेक रुपये वाचवणार. म्हणजे ते दीड लाख वसूल व्हायला पाऊण लाख किलोमीटर पळवायला पाहिजे. माझ्या वापरानं त्याला दहा वर्षं लागणार. वर धुराच्या बीएस-6 नियमातल्या नव्या डिझेल गाडीला काजळी धरणारी डीपीएफ नावाची जाळी असते. ती लांबच्या, दमदार पल्ल्यात तापून साफ होते; गावातल्या गावात रांगत राहिलं की तुंबते आणि समोर पिवळा दिवा पेटतो. एवढं सगळं आबांनी शांतपणे ऐकलं, कॅलेंडर उलटं करून तिथी बघितली आणि म्हणाले, "मग जास्त फिर की!"

सीएनजीचा निकाल घरातच लागला. किलोमीटरचा खर्च बघितला तर पेट्रोल-डिझेलपेक्षा ती स्वस्त. पण डिकीत टाकी येते. सौ.नं टाकीकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "घनसाळचं पोतं कुठं ठेवायचं?" आजऱ्याहून दरवर्षी तांदळाचं पोतं येतं. ते मांडीवर घेऊन बसायची तयारी घरात कुणाचीच नव्हती, आणि दरवेळी 'मागं टाका' म्हणून हात दाखवणाऱ्या मेहुण्याची तर अजिबातच नव्हती.

मग शोरूम. बाहेर फलकावर जो आकडा असतो तो एक्स-शोरूम, म्हणजे शोरूमच्या बाहेर उभं राहून बघायचा. आत गेलं की ऑन-रोड. साडेआठ लाखांच्या गाडीला 93,500 रुपये नुसता रस्ता कर. मग इन्शुरन्स, त्यात 2018 पासून नव्या गाडीला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदमच भरावं लागतं. मग मॅट, मडफ्लॅप, सीटकव्हर आणि 'एसेन्शियल किट' नावाची एक पिशवी. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यावा असं बंधन नाही, हे मला ठाऊक होतं. बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवल्यावर त्या पोराचा चेहरा पडला आणि तोच विमा, तीच आयडीव्ही (म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत), पण जागच्या जागी स्वस्त झाला. चहाही दुसऱ्यांदा आला.

कर्जाचं कोष्टक त्यानं फार प्रेमानं उघडलं. "सर, आठ लाखाला महिन्याला फक्त 12,871. सात वर्षं. कळणारसुद्धा नाही." दर नऊ टक्के. मी पाच वर्षांचं काढायला सांगितलं: 16,607. सात वर्षांत व्याज जातं दोन लाख 81 हजार, पाच वर्षांत एक लाख 96 हजार. म्हणजे 'कळणार नाही' याची किंमत 85 हजार. पाच वर्षांचा हप्ता जड वाटत असेल तर गाडी जड आहे, माणूस हलका नव्हे, असं माझं मत आहे. ते तिथं बोललो नाही. ज्याचं त्याचं पोट.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे हायवेवर सरळ जायचं, यू टर्न मारायचा आणि "स्मूथ आहे की नाही सर?" याला मान हलवायची. मी म्हटलं, आमच्या गल्लीत नेऊ. पोरगं बिचारं तयार झालं, कारण त्यानं आमची गल्ली बघितलेली नव्हती. आमच्या कोपऱ्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात. गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध दिलं जातं, आणि त्या वेळेला म्हैस हलत नाही, हलणार गाडीच. भारत एनसीएपी या सुरक्षेच्या चाचणीत गाडी ताशी 64 किलोमीटरनं समोर धडकवून बघतात, बाजूनं 50 नं धडक देतात, खांबावरसुद्धा आदळतात. त्यात किती तारे मिळाले हे बघूनच गाडी घ्यावी, त्यात माझी तडजोड नव्हती. पण धार चालू असलेल्या म्हशीच्या शेजारनं, दोन्ही बाजूंना मोटारसायकली असताना, आरसे मिटून गाडी काढायची परीक्षा अजून कुणी घेतलेली नाही. पावणेदोन मीटरच्या वरच्या रुंदीच्या सगळ्या गाड्या त्या संध्याकाळी आमच्या यादीतनं गेल्या. मालकानं म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत सल्ला दिला, "बारकी घे. आनि हॉर्न वाजवू नको, दूध चोरती ती."

उद्यमनगरातल्या मेस्त्रीनं मात्र कामाचं विचारलं. रोज किती फिरतंय, लावणार कुठं, आणि म्हाताऱ्या माणसाला बसता-उठता येतंय काय? मी भारावलोच. वडिलांचे गुडघे खाली वाकत नाहीत, उंच एसयूव्हीत पाय वर जात नाही. त्यांना नेमकी खुर्चीएवढी सीट हवी. गीअर, इंजिन, सनरूफ सगळं बाजूला राहिलं. हे एवढं शहाणपण सांगून झाल्यावर मेस्त्री कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडं गेला, ती उचलली आणि म्हणाला, "म्हणून म्हनतोय, ही बोलेरो बघ. एका हातातली हाय."

शेवटी मी टेप काढला. घरासमोर विजेचा खांब ते शेजाऱ्यांचा कट्टा, जागा बरोबर सव्वाचार मीटर. चार मीटरच्या आतली आणि 1200 सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के. त्याच्या पुढं 40. जीएसटी परिषदेनं आमची गल्ली बघूनच अट घातली असावी. मेहुण्याला कळवलं: पेट्रोल, उंच हॅचबॅक, चार मीटरच्या आत. पलीकडं बराच वेळ कुणी बोलेना. मग म्हणाला, "ठीक हाय दाजी. जोतिबाला आम्ही आमच्या गाडीनं येतो."

बुकिंग झालं. दसऱ्याची डिलिव्हरी मिळाली. परवा सकाळी बाहेर आलो तर शेजारी गवंडी, अर्धं पोतं सिमेंट आणि वाळूचा ढीग. काका स्वतः दोरी लावून उभे.

"काय नाही रे," ते म्हणाले, "कट्टा जरा फूटभर पुढं घेतोय. संध्याकाळी टेकायला बरं पडतंय. नव्या गाडीचं पेढं कधी?"