नऊ इंची भिंत, नागपूरची आणि लीड्सची

लक्ष्मीनगरातले आमचे घर १९६८ सालचे आहे. नऊ इंची विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब आणि मागे आंब्याचे झाड. गेल्या उन्हाळ्यापासून या घरावरून कुटुंबात वाद चालू आहे. घर बिल्डरला देऊन मोकळे व्हावे, असे काहींचे म्हणणे आहे. दादाला घर राखायचे आहे, मात्र प्रत्येक खोलीत एसी हवा. आई म्हणते की खिडकीतला कूलर आणि संध्याकाळी गच्चीवर मारलेले पाणी यांवर आपण पन्नास उन्हाळे काढले, तर आताच काय झाले? याच महिन्यांत मी इकडे लीड्समध्ये १९०४ साली बांधलेल्या आमच्या घराचे हीटिंग बदलून घेत होते. त्याच्याही भिंती नऊ इंचीच आहेत, सलग विटांच्या, मध्ये पोकळी नसलेल्या. त्यामुळे नागपूरचा वाद मला दूरचा वाटला नाही, आणि त्यात माझे मत मांडणे मला आवश्यक वाटते.

आमचा गॅस बॉयलर जुना झाला होता. त्याच्या जागी हीट पंप, म्हणजे घर तापवणारे विजेवरचे यंत्र, बसवणाऱ्यांना इंग्लंड आणि वेल्समध्ये ७,५०० पौंडांचे सरकारी अनुदान मिळते. पहिला ठेकेदार आला, त्याने रेडिएटर मोजले आणि दहा मिनिटांत १२ किलोवॉटचे यंत्र सुचवले. दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या तंत्रज्ञ बाई तीन तास थांबल्या. त्यांनी प्रत्येक खोलीच्या भिंती, खिडक्या आणि छत मोजले, कपाट पुढे ओढून त्यामागे तळहाताएवढी धरलेली काळी बुरशी दाखवली, आणि माळ्याचे झाकण उचलून मला वर बोलावले. घरातली ऊब वर निसटू नये म्हणून तिथे पसरलेली काचलोकर (ग्लास वूल) दबून चार बोटे उरली होती, आणि न्हाणीघरावर तर काहीच नव्हते. माळ्यावर इथे साधारण २७० मिलिमीटर जाडीचा थर असावा असे सांगतात. तो घातला आणि दारे-खिडक्यांच्या फटी बुजवल्या तर ७ किलोवॉटचे यंत्र पुरेल, असा त्यांचा हिशेब निघाला. आम्ही तो मानला.

हीट पंप थंडीत चालत नाही, अशी तक्रार इथे सारखी ऐकू येते. प्रत्यक्षात नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या कितीतरी थंड देशांत तो घरोघरी आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, म्हणून विजेच्या एका युनिटात तीन युनिटांएवढी ऊब देऊ शकतो. मात्र रेडिएटरमधले पाणी ४५ अंशांच्या आसपास ठेवून भागले तरच हे प्रमाण टिकते. घर गळके असेल तर पाणी अधिक तापवावे लागते आणि प्रमाण घसरते. विजेचे युनिट गॅसच्या जवळजवळ चौपट महाग असल्याने हा फरक थेट बिलात उतरतो. तेव्हा दोष घराचा असतो आणि बोल यंत्राला लागतो.

एसी हेच यंत्र आहे, फक्त उलट दिशेने चालणारे. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली, तिथे एसी नको म्हणण्याचा अधिकार परदेशात राहणाऱ्या मला नाही, आणि आईच्या वयाचा विचार करता तिच्या खोलीत तो हवाच. पण मागच्या मे महिन्यात रात्री अकरा वाजता वरच्या खोलीत पलंगावर उभी राहून मी छताला हात लावला, तेव्हा चुलीवरून उतरवून ठेवलेल्या तव्याची धग जाणवावी तशी ती जाणवली. बाबा दर एप्रिलमध्ये गच्चीवर चुना मारत. ते गेल्यावर गळती थांबवण्यासाठी तिथे काळा डांबरी थर बसवला गेला, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात त्या खोलीत कोणी झोपत नाही. घरातला वाद खरे तर त्या काळ्या थरापासून सुरू झाला आहे, पण त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेने, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने, छतातून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरमागे, आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे १.२ वॉटची मर्यादा घातली आहे. नुसत्या स्लॅबमधून त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता येते. ही संहिता नव्या इमारतींसाठी आहे. जुन्या घरांच्या छताची विचारपूस कोणी करत नाही. सौर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि पॅनेलची सावली स्लॅबवर पडते हा त्याचा आणखी एक फायदा आहे, पण छत स्वतः थंड राखण्याच्या खर्चाचा विषय आमच्या घरातल्या चर्चेत एकदाही आला नाही.

इकडे सगळे शहाणपणाने चालते असेही नाही. सरकारी योजनांतून ज्या घरांना बाहेरून उष्णतारोधक आवरण लावले गेले, त्यांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्ती करावी लागेल असे दोष असल्याचे सरकारी खर्च तपासणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. जुन्या विटांची भिंत ओल घेते आणि सोडते. ती वाट बंद केली तर ओल आत मुरते. म्हणून आम्ही भिंतींना हात लावला नाही, फक्त एका खोलीतला सिमेंटचा गिलावा काढून तिथे चुन्याचा करून घेतला.

दादाला मी कळवले आहे की आधी डांबरी थराचे काय करायचे ते ठरवावे: स्लॅबवर उष्णतारोधक थर, त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचे काम, आणि मग आईच्या खोलीत एक एसी. बाकीच्या खोल्यांत कूलरच ठेवावा, कारण कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. मात्र हवा बाहेर जायला त्याला उघडी खिडकी लागते, आणि एसीसाठी सगळ्या खिडक्या कायमच्या बंद करून घेतल्या तर कूलरही हातचा जाईल. पाऊस सुरू झाल्यावर कूलर निरुपयोगी होतो हे दादाचे म्हणणे खरे आहे. त्या दिवसांसाठी दुसरा एसी लागला तर तो पुढच्या वर्षी घेता येईल. छत सुधारल्यावर तो लहान घेऊन भागेल.

एप्रिलमध्ये मी नागपूरला येते आहे. तोवर एसीची ऑर्डर थांबवावी एवढी विनंती मी केली आहे. आईने मात्र वाट पाहिली नाही. चुन्याचा भाव तिने इतवारीत विचारूनही ठेवला आहे.