बंब पाणी भरून ठेवा म्हणे! कृपा करून असं काही करू नका

दरवर्षी रंगपंचमी झाली की आमच्याकडे आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब आवरायचा दिवस येतो. थंडी खरंतर शिवरात्रीलाच शिव शिव करत गेलेली असते, पण आपल्या नाशिकमध्ये रंग खेळायचा तो पंचमीला, आणि रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात) उड्या मारून आलेल्या पोरांचा रंग गार पाण्याने काही सुटत नाही, म्हणून तेवढा एक दिवस बंब पेटतो आणि मग थेट नरकचतुर्दशीच्या पहाटे. मधले सात-आठ महिने, त्यात अख्खा पावसाळा, तो नुसता उभा.

आणि नेमका ह्या सात-आठ महिन्यांबद्दलचा एक मेसेज गेल्या वर्षीपासून सगळीकडे फिरतोय. "बंब बंद करायची आजीची पद्धत" असं वर लिहिलंय. त्यात काय काय आहे ते थोडक्यात सांगते: बंब रिकामा ठेवू नका, पाणी भरून ठेवा नाहीतर सांधे सुटतात, राख काढू नका, ती ओल शोषून घेते म्हणून गंज धरत नाही, शेवटच्या दिवशी एक जोरदार जाळ करा म्हणजे नळीतली काजळी जळून जाते, निखारे आत ठेवून झाकण आणि खालचं दार लावून टाका, आपोआप विझतात, वरून चिंच-मीठ चोळून रात्रभर तसंच राहू द्या, आणि उरलेले पेलेट (जळणासाठीच्या भुशाच्या कांड्या) बंबाच्या पोटातच ठेवा, दिवाळीला शोधायला नकोत.

माझ्या पंचवटीतल्या मावशीने हे सगळं तंतोतंत केलं. दिवाळीत पहाटे चारला उटणं लावून सगळे तयार, आणि खालचं दार उघडलं तर जळण ठेवायची लोखंडी जाळी हाताला तुकड्या-तुकड्यांनी लागली, पापड मोडावा तशी. बंब तिच्या सासूबाईंच्या लग्नातला. तिचा चेहरा बघवत नव्हता. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी पाण्याचं, कारण हा मुद्दा लोकांना सगळ्यात पटतो. आणि पटतो त्याला कारण आहे, कारण मुळात एक खरा नियम होता आणि तो फिरत फिरत उलटा झालाय. खरा नियम असा की रिकाम्या बंबात जाळ घालू नये. बंबाच्या मधून नळी जाते, तिच्यात जाळ आणि भोवती पाणी, आणि पाणी असेपर्यंत तांब्याचा पत्रा आणि सांधे शंभर अंशांच्या फार वर जात नाहीत. पाणी नसेल तर तीच नळी बघता बघता प्रचंड तापते. तांब्याला स्वतःला काही होत नाही, ते वितळायला हजाराच्या वर अंश लागतात, पण दुरुस्तीत कुठे कथिल-शिशाचा डाख (सोल्डर) दिलेला असेल तर तो १८३ अंशांच्या आसपास पातळ व्हायला लागतो आणि सांधा सुटतो. म्हणून आज्या ओरडायच्या, आधी पाणी बघ मग काडी लाव. ह्याचा आणि उन्हाळ्यात बंद पडलेल्या बंबाचा काय संबंध? जाळच नाही तर सांधा सुटणार कशाने? तांबं काही लाकडी पिंप नाही की वाळलं आणि फटी पडल्या.

उलट पाणी साठवलं की दोन गोष्टी होतात. एक तर बोअरचं पाणी असेल तर ते हळूहळू आटत जातं आणि क्षार तळाला आणि नळीवर पांढरे धरून बसतात, पुढच्या वर्षी पाणी तापायला जास्त वेळ आणि जास्त लाकूड. आणि दुसरी म्हणजे डास. झाकण कधीच घट्ट नसतं, आणि डेंगीचा डास असंच घरातलं साठलेलं स्वच्छ पाणी शोधतो, अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय आणि इकडे मोरीत एवढं पाणी चार-चार महिने ठेवायचं? ज्यांच्या घरात डेंगी होऊन गेलाय त्यांना विचारा.

तेव्हा तोटी उघडून सगळं पाणी सोडा, तोटीच्या पातळीखाली थोडं राहतंच, ते बंब आडवा करून काढा (दोघांनी धरा, एकट्या बाईने उचलायची वस्तू नाही ती), आत फडकं फिरवा, दोन दिवस झाकण काढून उन्हात ठेवा आणि तोटी उघडीच राहू द्या.

आता राख. इथेही अर्धं खरं आहे. आपल्याकडे कडधान्याला राख लावून ठेवायची पद्धत आहेच, कोरडी राख ओल घेते, किड्यांना टिकू देत नाही. पण डाळीच्या डब्यातली चार मुठी राख वेगळी, ती डबा बंद असतो म्हणून कोरडी राहते. बंब दोन्हीकडून उघडा. जूनपासून हवा दमट झाली की राख ती ओल ओढून घेते आणि घेऊन जाते कुठे, तिथेच लोखंडाला चिकटून बसते. शिवाय राखेत खार असतो, म्हणून तर तिने भांडी निघायची. म्हणजे ओला खारट लेप चार महिने जाळीला लावून ठेवल्यासारखं झालं. मावशीच्या जाळीच्या वरच्या कडेला, जिथे राख पोचली नव्हती, तिथे नुसता तांबूस गंज होता, आणि राखेत बुडालेला भाग थर सुटून पोकळ झालेला, नखाने खरवडला तर पापुद्रे निघत होते. आणखी कसला पुरावा पाहिजे?

जोरदार जाळ करून काजळी जाळायची, हे तर वाचूनच धस्स झालं. नळीत जाड थर साठला असेल, ओली लाकडं जाळणाऱ्यांकडे तो डांबरासारखा असतो, तर तो पेट घेतो तेव्हा वरून ज्वाळाच निघतात. पत्र्याच्या शेडखाली किंवा गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी बंब असलेली किती घरं आहेत आपल्याकडे! नळी पूर्ण गार झाल्यावर काठीला काथ्याचा बोळा किंवा तारेचा ब्रश बांधून वरून खाली चार वेळा फिरवायचा, खाली पेपर ठेवायचा, झालं. आणि हे मार्चमध्येच करायचं, कारण आत्ता काजळी कोरडी आहे, भुरभुर निघते, पावसाळ्यात दमट झाली की लेप बसतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती निखाऱ्यांच्या मुद्द्याची. झाकण-दार लावलं तरी बंब हवाबंद होत नाही, फटी असतात, त्यामुळे निखारे विझत नाहीत तर तासन्‌तास धुमसतात, आणि कमी हवेत धुमसताना कार्बन मोनॉक्साइड जास्त तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. बंद मोरीत बंब असेल आणि कोणी दार लावून आंघोळीला बसलं तर चक्कर येते, आणि मग उठून दार उघडायचीही ताकद राहत नाही. त्यामुळे शेवटच्या दिवशी भर घालायची थांबवा, खिडकी-दार उघडं ठेवा, आहे ते पूर्ण जळून जाऊ द्या. वरून पाणी ओतून विझवू नका, वाफेबरोबर गरम राख तोंडावर येते आणि जाळी बिडाची असली तर तडकते. राख दुसऱ्या दिवशी काढा, आणि लोखंडी घमेल्यातच. आमच्याकडे एकदा संध्याकाळची राख "गार आहे" म्हणून प्लास्टिकच्या बादलीत काढली होती, सकाळी बादलीला बूड नव्हतं आणि खालच्या फरशीवर काळा गोल. राखेखाली निखारा जपून राहतो, आपल्या आज्या रात्री चुलीत तसाच तर राखून ठेवायच्या.

चिंच-मिठाबद्दल थोडक्यात: चिंच-मीठ लावा, पण पाच-दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुवून लगेच कोरडं पुसा. रात्रभर ठेवलं तर आंबट आणि मीठ मिळून तांबं खातं आणि सांध्यांच्या खाचेत हिरवं धरतं. मावशीच्या बंबाच्या तोटीभोवती अजून ते हिरवं कडं आहे.

आणि पेलेट. हल्ली लाकडाच्या ढलप्यांऐवजी बरेच जण पेलेट घालतात, चांगलेच आहेत, धूर कमी. पण पेलेट म्हणजे नुसता भुसा दाबून केलेल्या कांड्या, बहुतेक वेळा त्यात वेगळा गोंद नसतो, लाकडातलंच लिग्निन त्यांना धरून ठेवतं, आणि पाणी लागलं की फुगून परत भुसा. खात्री करायची असेल तर एक कांडी वाटीत पाण्यात टाकून पाच मिनिटांनी बघा. बंबाच्या पोटात पावसाळाभर ठेवलेल्यांचं तेच होतं, वर तो ओला भुसा जाळीला चिकटतो ते वेगळंच. उरलेले पेलेट घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा पाटावर किंवा दोन विटांवर, भिंतीपासून हातभर लांब. तळाला साठलेला चुरा मात्र त्यात भरू नका, तो आत्ताच संपवा.

मावशीचा बंब दिवाळीनंतर तांबट लेनला नेला. नवी जाळी बसली, नळी शाबूत निघाली, तेवढं नशीब. ह्या रविवारी तिच्याकडे जाऊन मीच सगळं केलं, म्हणजे पाणी काढलं, नळी घासली, जाळी बाहेर काढून तिला खोबरेल तेलाचा हात दिला आणि कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली. बंब विटांवर उभा आहे, तोंडाला जुन्या सुती साडीचं फडकं बांधलंय, तोटी उघडी. मावशीने तो मेसेज जिला जिला पाठवला होता तिला तिला आता फोन करायला घेतलेत.