गादी घेताय? आधी मिसळ खा

गादी घ्यायला निघालात? उत्तम. फक्त उपाशीपोटी जाऊ नका. रविवारी जा, मिसळ चोपून जा, दोन पाव जास्त घ्या आणि वर ताक प्या. त्या अवस्थेत माणसाला रामकुंडाच्या पायरीवरही झोप लागते, मग शोरूमच्या एसीत कुठल्याही गादीवर पाठ टेकली की वैकुंठच. आम्ही असेच गेलो होतो, १४ महिन्यांपूर्वी. म्हणून हा सल्ला अनुभवाचा आहे, आणि फुकट आहे.

दुकानात शिरल्यावर गादी तळहाताने दाबून बघा. नंतर हळूच एक बुक्की मारा आणि बायकोकडे बघून मान डोलवा. रात्रीचे आठ तास आपण तळहातावरच झोपणार आहोत ना! फारच चिकित्सक असाल तर काठावर टेका, पाय खाली लोंबकळत ठेवून अर्धा मिनिट आडवे व्हा आणि कोणी बघायच्या आत उठा. गादीवरचं प्लॅस्टिक काढू नका म्हणतात, काढू नका. आणि ज्याची पाठ दुखते त्याला चुकूनही बरोबर नेऊ नका. गादी आमच्या अण्णांसाठी होती. अण्णा घरी होते.

पलंगाचं माप घरून घेऊन जायचं नाही. तिथे गेल्यावर आठवायचं.

आता शब्दांबद्दल. ज्या गादीच्या नावात ‘ऑर्थो’ असेल तीच घ्या. हा शब्द छापायला कुणा हाडांच्या डॉक्टरची सही लागत असेल असं तुम्हाला वाटतं ना? वाटू द्या. ‘ऑर्थो म्हणजे कडक, काका, आणि कडक म्हणजे पाठीला चांगली,’ असं दुकानातला मुलगा इतक्या प्रेमाने सांगतो की आपल्याला आपले अण्णा आत्ताच उठून ब्रह्मगिरीची फेरी मारताना दिसायला लागतात. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिने नंतर सांगितलं, २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्पेनमधला एक अभ्यास छापून आला होता. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना कडक आणि मध्यम कडक अशा दोन प्रकारच्या गाद्या दिल्या आणि ९० दिवसांनी बघितलं, तर मध्यमवाले जास्त सुखी निघाले. पण भाचीला विचारायचं ते गादी घेतल्यावर. आधी विचारलं तर खरेदीची मजा जाते.

दुसरा शब्द मेमरी फोम. ‘नासाची टेक्नॉलॉजी आहे, अंतराळवीर याच्यावर झोपतात.’ इथे डोळे मोठे करायचे. हा फोम १९६६ च्या सुमारास नासासाठी तयार झाला हे खरंच आहे, पण तो विमानाच्या सीटमध्ये घालायला, आदळआपट झाली तर माणूस वाचावा म्हणून. अंतराळवीर बिचारे स्लीपिंग बॅग भिंतीला बांधून तिच्यात झोपतात. तिथे वजनच नाही, तर गादीत रुतणार काय? असो. या फोमला ऊब लागली की तो मऊ पडतो आणि थंडीत ताठतो. निफाडला दवबिंदू गोठल्याची बातमी ज्या दिवशी छापून येते त्या रात्री आमची गादी शहाबादी फरशी होते, आणि मे महिन्यात तिचाच शिरा होतो.

नव्या गादीला वास येतो. येऊ द्या, अगरबत्ती लावा.

किमतीचं म्हणाल तर एमआरपी ४३,००० रुपये आणि ५० टक्के सूट, म्हणजे २१,५०० रुपये. ऑफर आजच संपते आहे. आम्ही श्रावणात गेलो तेव्हा दिवाळीची ऑफर त्याच दिवशी संपत होती. परवा पुन्हा त्या दुकानावरून गेलो, अजून संपतेच आहे. वर दोन उशा फुकट. खरं सांगतो, त्या उशा आजही ठणठणीत आहेत.

डेन्सिटी विचारू नका. विचारलीच, तर ‘४० डेन्सिटी, काका’ हे उत्तर तोंडी घ्या, लिहून मागू नका, माणसावर विश्वास टाकावा. बिलावर फक्त ‘ऑर्थो मॅट ७८×६०×६, नग १’ एवढंच येईल. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा हा समज घट्ट धरून ठेवा, दुकानदाराचाही तोच आहे. ती वास्तविक वजनाची गोष्ट. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, बस. जड फोम मऊही असू शकतो आणि हलका फोम दगडासारखा कडकही. जास्तच शहाणपणा केलात तर ‘मग ही ९० डेन्सिटीची घ्या’ म्हणतील. ती रिबॉन्डेड, म्हणजे फोमच्या कारखान्यातलं उरलंसुरलं कातरण चिकटवून, दाबून केलेला लगदा. जड आहे, कडकही आहे, त्याचा थर खाली असायला हरकत नाही. पण अख्खी गादी त्याचीच असली तरी वर खोळ चढली की सगळ्या सारख्याच गोऱ्या.

गादी घरी येईल तेव्हा टेम्पो कोपऱ्यावरच थांबेल, कारण नाशकात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या नावाने पुढच्या रस्त्याचं काय करून ठेवलंय ते तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडे एकच पोरगा आला. कानात इअरफोन, खांद्यावर गादी, जिना चढून तिसरा मजला, लिफ्ट नाही. धाप नाही की घाम नाही. ‘किती हलकी आहे हो!’ म्हणून शेजारच्या काकूंनी कौतुक केलं. मलाही अभिमान वाटला. मी त्याला खूश होऊन १०० रुपये दिले.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला. वॉरंटी बघून गादी घ्या. १० वर्षांची! कार्ड जपून ठेवा, देव्हाऱ्यात ठेवलंत तरी चालेल. फक्त मागची बाजू वाचू नका, ती डोळ्यांना त्रासदायक आहे. तिथे लिहिलेलं असतं की खड्डा २५ मिलिमीटरचा झाला तरच तो खड्डा. मोजताना गादीवर कुणी झोपलेलं नको. डाग नको. पलंगाच्या फळ्या सपाट हव्यात. आणि गादी ‘आरामदायक वाटत नाही’ ही तक्रार वॉरंटीत बसत नाही. गादी! आरामदायक! बसत नाही! मग काय बसतं? रंग?

आमच्या गादीला आठव्या महिन्यात अण्णांच्या कमरेखाली खड्डा पडला. अण्णांचं वजन ५८ किलो आहे, ते काही हिंदकेसरी नाहीत. फोन केला. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ पाचव्या फोनला एक बाई म्हणाल्या, सर, खोळ काढून गादीवर दोरी ताणा, मध्ये पट्टी उभी धरा, आकडा दिसेल असा फोटो पाठवा. मग काय, दोरीचं एक टोक माझ्याकडे, दुसरं हिच्याकडे, पट्टी धरून ७६ वर्षांचे अण्णा गुडघ्यावर, आणि मोबाइल घेऊन स्टुलावर मुलगा. फोटो नामंजूर, आकडा अंधुक. दुसरा नामंजूर, दोरी सैल. तिसऱ्यात अण्णांचा अंगठा आला. ‘सर, तुम्ही व्यवस्थित फोटो पाठवला तर आम्हाला मदत करता येईल.’ म्हणजे गादी तुमची बसली, आणि फोटोग्राफी आमची कच्ची!

असे पाच महिने काढल्यावर गेल्या आठवड्यात एक साहेब तपासायला आले. सकाळी साडेअकराला. अण्णा पहाटे साडेचारला उठतात. सात तास विश्रांती मिळाली तर माझीही पाठ वर येते हो, फोमची का नाही येणार? साहेबांनी पट्टी लावली. १९ मिलिमीटर. ‘नॉर्मल बॉडी इम्प्रेशन आहे, सर.’ मी म्हटलं, अहो, हात घालून बघा, झोपून बघा, म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळता येत नाही. त्यांनी हात घातला नाही. त्यांना कोपऱ्यातला चहाचा डाग दिसला होता. त्याचा मात्र फोटो पहिल्या झटक्यात व्यवस्थित आला. नाशिककराला खड्डा सांगायला पट्टी लावणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. दिवसातून चाळीस वेळा आमची हाडं खड्डा मोजतात, साहेब!

या रविवारी रद्दी द्यायला भंगारवाल्याला वर बोलावलं. गादी भिंतीला उभी होती. ‘ही पण द्यायची का, दादा?’ म्हणत त्याने ती दोरीने आवळून ताणकाट्याला अडकवली. काटा ११ वर थांबला. ‘अकरा किलो. फोमला भाव नाही, पन्नास रुपये देतो.’

मी वही घेऊन बसलो. ७८×६०×६ इंच म्हणजे साधारण ०.४६ घनमीटर. ४० डेन्सिटी असती तर नुसता फोम १८ किलोच्या वर भरायला हवा. खोळीचा एक किलो सोडला तर माझ्याकडे १०. म्हणजे डेन्सिटी २२ सुद्धा नाही. मग चेन उघडून आतला कपडा कापला, जे दुकानातच दाखवायला सांगायला हवं होतं. वर अर्धा इंच मेमरी फोम, खाली टीव्हीच्या खोक्यात येतो तसला पांढरा पॅकिंगचा थर, आणि मधे पावासारखा भुसभुशीत फोम. २१,५०० भागिले ११. किलोला १,९५० रुपये. काजू यापेक्षा स्वस्त आहेत.

तेव्हा आता सल्ला वगैरे पुरे. अहो गादीवाले, एका कागदावर चार ओळी लिहायला तुमचं काय जातं? वर कोणता फोम, किती इंच, किती डेन्सिटी, खाली काय आणि एकूण वजन किती. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती टक्के ते छापलेलं असतं. तुम्ही २१ हजार घेता आणि आत काय आहे विचारलं तर नासा सांगता? म्हाताऱ्या माणसाच्या दुखऱ्या कमरेवर ‘ऑर्थो’ लिहून पैसे कमावता आणि कंबर धरली की पट्टी काढता? लाज वाटायला हवी. तो दुकानातला पोरगा बिचारा पाठ केलेलं बोलतो, त्याला नाही म्हणत मी. ज्यांनी पाठ करून घेतलं त्यांना म्हणतोय.

आणि आपण काय? लासलगाव-पिंपळगावच्या जिल्ह्यातली माणसं आपण. कांदा हातात घेऊन दाबल्याशिवाय भाव बोलत नाही. टोमॅटोची क्रेट २० किलोला दोनशे ग्रॅम कमी भरली तर बाजार डोक्यावर घेतो. आणि तेवढ्याच वजनाची म्हणून विकलेली गादी एक पोरगा गाणं ऐकत तिसऱ्या मजल्यावर आणतो, तर त्याला मी, शिकलेला माणूस, बक्षीस देतो! काटा मागायचा सुचला नाही. डेन्सिटी बिलावर लिहा म्हणायला जीभ रेटली नाही, कारण एसी होता आणि पोटात मिसळ होती. दुकानदार चावून खाणार होता का मला?

अण्णा सध्या जमिनीवर झोपतात, त्यांच्या जुन्या कापसाच्या गादीवर. तीही गोळे गोळे झालेली, म्हणून काल गादी कारखान्यात भरायला टाकली. तिथल्या माणसाने ती उसवली, कापूस माझ्यासमोर काट्यावर टाकला, ९ किलो भरला. ‘दोन किलो नवा घालावा लागेल,’ म्हणाला आणि तोही मोजूनच घातला. सवयीने मी विचारलं, वॉरंटी किती? तो हसायलाच लागला. म्हणाला, दबली की घेऊन या, पुन्हा पिंजून देतो.