फ्रँक जॉन्सन ‘चळवळीतले’ न्यायाधीश नव्हते: एका फॉरवर्डला उत्तर

अलाबामाचे फेडरल न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांच्यावरचा एक मजकूर सध्या ग्रुपांवरून फिरतोय. सारांश असा: त्यांनी रोझा पार्क्स यांचा खटला ऐकून एकट्याने बसमधला वर्णभेद संपवला, ते मनाने कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीतलेच असल्याने तिचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना हवे तसे निकाल देत गेले, खालच्या कोर्टातला साधा न्यायाधीश असून एवढं धाडस केलं आणि पुढे एफबीआयचे प्रमुख झाले. माणूस खरोखर मोठा होता. पण कौतुकाच्या भरात त्याला भलताच माणूस करून टाकलाय.

‘रोझा पार्क्स यांचा खटला.’ तो त्यांच्यासमोर आलाच नाही. बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडायला नकार दिला म्हणून 1 डिसेंबर 1955 ला अटक झालेल्या पार्क्स यांचं अपील राज्याच्या कोर्टांत रखडलं होतं. वकील फ्रेड ग्रे यांनी फेब्रुवारी 1956 मध्ये फेडरल कोर्टात स्वतंत्र दावा लावला, ‘ब्राउडर विरुद्ध गेल’, आणि फौजदारी अपिलाचा गुंता नको म्हणून पार्क्स यांना त्यातून मुद्दाम बाहेर ठेवलं. निकाल मिळवला तो ऑरिलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन या चौघींनी. कोल्विन पार्क्स यांच्या नऊ महिने आधी सीटवरून उठायला नकार देऊन बसली होती, तेव्हा ती 15 वर्षांची होती. फॉरवर्डात तिचं नावही नाही.

‘एकट्याने.’ तीन न्यायाधीशांचं पीठ होतं. राइव्ह्ज आणि जॉन्सन एका बाजूला, लिन विरोधात. 5 जून 1956 ला बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. तोवर हे सगळं घडलं त्या मॉन्टगोमरी शहराची कृष्णवर्णीय जनता बसवर बहिष्कार टाकून पायी चालत होती, हेही विसरू नये.

‘खालच्या कोर्टातला साधा न्यायाधीश.’ इथे आपल्या जिल्हा न्यायालयाचं चित्र डोळ्यांपुढे येतं आणि घोळ होतो. आपल्याकडे सरकारविरुद्ध मूलभूत हक्कांसाठी रिट करायची तर हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट गाठावं लागतं. अमेरिकेत फेडरल डिस्ट्रिक्ट जज हा साक्षीपुरावा नोंदवणारा असतो आणि राज्याच्या गव्हर्नरला मनाई हुकूम देणाराही तोच. नेमणूक राष्ट्राध्यक्षांची, सेनेटच्या मंजुरीने, आणि पद आजन्म. जॉन्सन यांना 1955 मध्ये आयझेनहॉवर यांनी नेमलं, तेव्हा ते 37 वर्षांचे होते.

आता सर्वांत मोठी चूक: ‘मनाने चळवळीतले.’

जॉन्सन विन्स्टन काउंटीचे. 1861 मध्ये अलाबामा अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघाला तेव्हा हा डोंगराळ मुलूख त्या फुटण्याच्या विरोधात होता आणि पुढेही रिपब्लिकन राहिला. हट्टीपणा तिथला, असं म्हणा हवं तर. पण चळवळीला त्यांनी अनेकदा अडवलंही. टस्कीगी शहराची हद्द 28 बाजूंची वेडीवाकडी करून कृष्णवर्णीय मतदार बाहेर काढले गेले, तेव्हा त्याविरुद्धचा दावा जॉन्सन यांनी फेटाळला होता. 1960 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना खोडून काढलं. 1961 मध्ये फ्रीडम रायडर्सवर, म्हणजे बसमधला वर्णभेद मोडायला बसयात्रा काढणाऱ्यांवर, हल्ले झाले तेव्हा त्यांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेला आणि पोलिसांना आवरलं, पण या यात्रांमागच्या संघटनांनाही तात्पुरती मनाई केली. आणि सेल्मा! 7 मार्च 1965 ला अलाबामातल्या या गावात मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर पुलाजवळ पोलिसांच्या लाठ्या चालल्यावर, पुढचा मोर्चा अडवू नये असा तातडीचा हुकूम मोर्चेकऱ्यांच्या वकिलांनी मागितला. जॉन्सन म्हणाले, आधी सुनावणी, तोवर मोर्चा नाही. 9 तारखेला किंग पुलापर्यंत जाऊन माघारी फिरले ते त्यामुळेच.

मग सुनावणी झाली, हल्ल्याची फिल्म कोर्टात दाखवली गेली, आणि 17 मार्चला परवानगीचा हुकूम निघाला. अन्याय जितका प्रचंड, तितका निषेधाचा हक्क मोठा, हे त्याचं सूत्र. तरी त्याच हुकुमात दुपदरी रस्त्यावर 300 जणांची मर्यादाही आहे. चळवळीचा माणूस असं मोजून देत नाही, पुरावा बघून देणारा देतो. जॉर्ज वॉलेस हे त्यांचे लॉ कॉलेजातले सोबती, पुढे त्यांना जाहीर शिव्या घालणारे गव्हर्नर. 1959 मध्ये मतदार नोंदी द्यायला नकार दिल्यावरून वॉलेस यांच्यावर कोर्टाच्या अवमानाचा खटला आला. नोंदी आडमार्गाने का होईना दिल्या, असं सांगून जॉन्सन यांनी त्यांना निर्दोष सोडलं. आणि जॉन्सन यांच्या अंगणात धमकी म्हणून क्रॉस जाळला गेला, 1967 मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला.

माझ्या मते त्यांचं खरं काम फॉरवर्डवाल्यांना माहीतच नाही. 1970 मध्ये अलाबामातल्या मनोरुग्णालयांचा दावा त्यांच्यासमोर आला. सक्तीने डांबलेल्या रुग्णाला उपचारांचा घटनात्मक हक्क आहे, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. 1972 च्या हुकुमात त्यांनी किमान मानकं लिहून दिली: एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, आठ रुग्णांमागे एक शौचकूप, दर 250 रुग्णांमागे किती डॉक्टर, किती परिचारिका. 1976 मध्ये तुरुंगांची पाळी आली. एकेका छोट्या कोठडीत सहा-सहा कैदी, झोपायला पलंग नाही, दिवा नाही, शौचाला जमिनीतलं भोक. न्यायाधीशाने राज्याचा कारभार असा हातात घ्यावा का, यावर खुशाल वाद घाला. तो गंभीर वाद आहे. रुग्णालयांचा दावा 2003 मध्ये बंद झाला, जॉन्सन जाऊन चार वर्षं झाल्यावर.

राहता राहिली एफबीआय. 1977 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी प्रमुखपदासाठी नाव सुचवलं होतं, पण प्रकृतीमुळे जॉन्सन यांनी माघार घेतली. 1979 मध्ये ते न्यायाधीश म्हणून फेडरल अपील कोर्टात गेले.